तुम्ही विचारलंत म्हणून: डायबेटिस नसताना बाबांची साखर उतरली कशी?

बाबांना डायबेटिस कधीच नव्हता. होती ती लिव्हरमध्ये कॅन्सरची मोठी गाठ. त्यामुळे त्यांच्या आजारपणाबद्दल बोलताना साखरेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो.

त्या पहाटे ते घामाने निथळत उठले. मला ओळखेनात, धरायला गेले तर हात झटकू लागले. वेदनाशामक गोळ्यांची गुंगी असेल असं आम्हाला वाटलं. खरं तर मनात त्याहून वाईटही येऊन गेलं. दवाखान्यात नर्सने बोटाला सुई टोचली, तर साखर ३८. सत्तरच्या खाली गेली की कमी, ५४च्या खाली धोक्याची. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि काही मिनिटांत बाबांनी मला हाक मारली.

रात्रभर आपण जेवत नाही, तेव्हा लिव्हरच साखर पुरवत असतं. ते गाठीने व्यापलं की हा पुरवठा आटतो. शिवाय काही मोठ्या गाठी आयजीएफ-२ नावाचं, इन्सुलिनसारखं वागणारं द्रव्य रक्तात सोडतात. बाबांचं तेच झालं होतं, म्हणून तपासणीत इन्सुलिन जवळजवळ नव्हतंच आणि तरी साखर तळाला. स्वादुपिंडातल्या इन्सुलिनोमाचं उलट असतं, ती गाठ स्वतःच इन्सुलिन तयार करते.

ज्यांना आधीपासून डायबेटिस आहे त्यांचं कारण बऱ्याचदा साधं असतं: जेवण निम्म्यावर आलेलं, इन्सुलिनचा डोस मात्र जुनाच. तो डॉक्टरांकडून लगेच बदलून घ्या.

एक गोष्ट मला अजून सलते. साखरेने कॅन्सर वाढतो असं ऐकून आम्ही दोन महिने बाबांचं गोड पूर्ण तोडलं होतं. गाठ तिला हवं ते शरीरातून ओढून घेतच राहिली, खंगले ते बाबा.

पुढे स्टिरॉइड सुरू झालं, झोपण्याआधी खाणं आणि पहाटे तीनला ग्लुकोमीटर. तुमच्या घरी कॅन्सरचा पेशंट अचानक बरळू लागला, थरथरू लागला, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, आधी साखर बघा. कमी असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा.