काट्यावर न चढलेले गाठोडे

२८ डिसेंबर २०२५, रात्री

आज संध्याकाळी शेतात जे घडले ते इतके किरकोळ आहे की कोणाला सांगायला घेतले तर दुसऱ्या वाक्यातच संपून जाईल. बांधावरच्या बाभळीला काटा टांगलेला होता. कापूस वेचणीच्या बाया आपापली गाठोडी घेऊन ओळीने उभ्या होत्या आणि त्या ओळीत सर्वांत शेवटी मीही होते. बाबा एकेकीचे गाठोडे आकड्याला अडकवून वजन मोठ्याने म्हणत होते आणि आबाजी ते वहीत उतरवून घेत होते. तांड्यावरच्या काकूंचे ३१ किलो भरले, त्यांच्या सुनेचे २६. माझी पाळी आली तेव्हा बाबांनी आधी गाठोड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुहं काय मोजाचं वं, टाक तिकडं ढिगावर." मी टाकले. बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते, असे आता वाटते.

जेवण झाले, भांडी झाली, आईने तुरीच्या शेंगांची टोपली पुढ्यात ओढली, तरी ते वाक्य काही डोक्यातून गेले नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. मैत्रिणींचे चिखलदऱ्याचे फोटो सकाळपासून येत आहेत, त्यांना अजून उत्तर दिलेले नाही. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

शेतात जायला मला कोणी सांगितले नव्हते, हे आधी नोंदवून ठेवायला हवे. परीक्षा संपवून अमरावतीहून एसटीने आल्यापासून मी चार दिवस नुसती उन्हात बसून होते. पाचव्या दिवशी मीच आईच्या मागे निघाले. सकाळी पऱ्हाटी दवाने इतकी ओली असते की तेव्हा वेचून उपयोग नसतो, कारण ओला कापूस वजनाला चढतो आणि भावाला पडतो. खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भावातून कपात सुरू होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल घेतच नाहीत, हे मला पाठ आहे, कारण बाबांची ॲपवरची नोंदणी याच मोबाईलवरून मी केली होती. तेव्हा दव उडेपर्यंत धुऱ्यावर शेकोटी, आणि मग कमरेला ओटी बांधून ओळीत शिरायचे.

पहिल्या वेच्याचे बोंड हातात येताच अख्खे मोकळे होते. सध्याचा वेचा तिसरा आहे. बोंडे लहान झालेली आहेत, अर्धीमुर्धी उमललेली आहेत, काहींचा एखादा कप्पा अळीने खाऊन काळा केलेला आहे. तेवढी कवडी वेगळी काढून चांगल्या कापसात मिसळू द्यायची नाही. वाळलेल्या बोंडाची टोके नखाच्या कडेला लागतात आणि तिथली कातडी सोलून काढतात. काकूंनी माझी बोटे पाहून लुगड्याच्या जुन्या पदराची एक चिंधी फाडून दिली आणि "कालेजवाल्या ताई, पत्ती नोका येऊ देऊ," एवढेच म्हणाल्या, म्हणजे वाळक्या पानांचा चुरा कापसात नको. त्या दोन्ही हातांनी दोन झाडांवर एकाच वेळी वेचत होत्या आणि बोलतही होत्या. मी एका हाताने झाड धरत होते आणि दुसऱ्याने वेचत होते. दुपारी त्यांनी माझी ओटी उघडून पाहिली आणि तिच्यातून मूठभर कवडी निवडून काढली. बोलल्या मात्र काही नाहीत. एवढे सगळे करून सूर्य मावळताना जे गाठोडे झाले ते मला तरी चांगले मोठे वाटत होते, आणि त्याचा आकडा किती निघेल याची मला दुपारपासून उत्सुकता लागली होती. सरळ सांगायचे तर मी तो आकडा ऐकण्यासाठीच ओळीत उभी राहिले होते.

बाबांच्या वाक्याचा अर्थ काय घ्यावा, हे मला अजून कळलेले नाही. एक अर्थ असा की एवढ्याशा कापसासाठी काटा कशाला खराब करायचा. दुसरा असा की ३१ आणि २६ यांच्या पाठोपाठ माझा आकडा मोठ्याने म्हणून चारचौघींत माझी शोभा त्यांना होऊ द्यायची नव्हती. तिसरा अर्थ सर्वांत साधा आणि मला सर्वांत जास्त टोचणारा आहे, तो म्हणजे ही चार दिवसांसाठी आलेली आहे, हौसेने वेचते आहे, हिचे काय मनावर घ्यायचे. वर्षभर मी जिथे राहते तिथे माझे सगळेच मोजले जाते. हजेरी ७५ टक्के भरते की नाही, मेसचे किती खाडे धरले, अंतर्गत गुण किती, सगळ्याला आकडा आहे, आणि त्या आकड्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. घरी यायचे ते त्यातून सुटायला, असेच मी नेहमी म्हणत आले. मग इथे एक आकडा मिळाला नाही म्हणून घशाशी का दाटून यावे? पण आले, हे खरे आहे.

याच काट्यावर मी एकदा चढलेली आहे. मला स्वतःला ते आठवत नाही, पण दर वेचणीला कोणीतरी ते सांगतेच. मी चार वर्षांची असताना बाबांनी मला धोतराच्या झोळीत बसवून आकड्याला टांगले होते, १४ किलो भरले होते, आणि बायांनी आबाजींना विचारले होते की हिची वेचणी किती देता. म्हणजे तेव्हा मी मोजण्यासारखी होते. (हे वाक्य खोडावे की काय? राहू दे. रात्री दहा वाजता माणूस असेच लिहितो.)

आबाजींना विचारून पाहिले. ते आणि बाबा अंगणात शेकोटीपाशी बसून कापसाच्या भावावर बोलत होते. आयात शुल्काची माफी ३१ तारखेला संपते आहे, मग भाव चढेल की नाही, हा विषय आमच्याकडे ऑगस्टपासून रोज रात्री चालतो आणि रोज रात्री तिथेच थांबतो. मी मध्येच विचारले की घरच्या माणसाचा कापूस का मोजायचा नाही. बाबा उठून मोटारीकडे निघाले, कारण या आठवड्यात वीज रात्रीची आहे आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे. शिवाय रोही आणि डुकरे यांच्यासाठी कोणीतरी तिथे जागे असावे लागते. आबाजी म्हणाले, घरचं मोजलं की बरकत जाते. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ते आजही 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि 'दोन'पासून पुढे मोजतात, त्यामुळे हे उत्तर त्यांना शोभणारेच होते. माझे समाधान मात्र त्याने झाले नाही.

मग मी वही आणली. ती एका खताच्या दुकानातून मिळालेली मागच्या वर्षीची डायरी आहे. एकेका पानावर एकेक दिवस, डावीकडे बायांची नावे, उजवीकडे किलो, आणि बाजाराच्या दिवशी चुकारा झाला की सगळ्या पानावर एक आडवी रेघ. वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून पहिला वेचा सुरू झाला त्या दिवसापासूनची सगळी पाने मी चाळली. माझे नाव त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. आईचेही नाव नव्हते. एकाही पानावर नव्हते. आई तर एक दिवस घरी राहिलेली नाही. ताप असतानाही ती गेली होती, मला फोनवर कळले होते.

"आई, तुह्यं नाव नाही याच्यात."

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माह्यं कोन मोजते?"

यात तक्रार असती तर मला पुढे काही बोलता आले असते. पण तो प्रश्नही नव्हता आणि तक्रारही नव्हती. सोलेभाताला एवढे सोले पुरतील की अजून सोलावे लागतील, हे ज्या सुरात ती विचारते त्याच सुरात ती हे बोलली. मी आपली चार तास एका गाठोड्यासाठी तोंड पाडून बसले होते, आणि इथे पंचवीस वर्षांचा कापूस न मोजता ढिगावर गेलेला होता.

अर्थशास्त्राच्या पेपरात या महिन्यात मी नेमके हेच लिहून आले होते. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च कसा काढतो, हा प्रश्न होता. बियाणे, खत, औषध, मजुरी असा हातून प्रत्यक्ष गेलेला खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्या माणसांच्या मेहनतीचे आरोपित मूल्य धरले की ए-२ अधिक एफएल. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलावरचे व्याज धरले की सी-२. हमीभाव दुसऱ्यावर ठरतो आणि शेतकरी संघटना तिसऱ्यावर मागतात. यंदा मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि त्याची दीडपट म्हणजे ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला, हे उदाहरण मी चौकटीत लिहिले होते. 'आरोपित मूल्य' हा शब्द लिहिताना तो आमच्या घरात राहतो, पहाटे पाचला उठतो आणि संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावतो, हे माझ्या एकदाही मनात आले नाही. दिल्लीतल्या हिशेबात आईच्या नावाने काहीतरी धरलेले आहे आणि आमच्या वहीत काही नाही, याचा अर्थ दिल्लीला तिची जास्त काळजी आहे असाही होत नाही. एवढे मलाही कळते.

तरी मी गणित करून तिच्यापुढे ठेवलेच. दिवसाला २५ किलो धरले, ४० दिवस धरले, तर १,००० किलो म्हणजे १० क्विंटल होतात. यंदा आम्ही किलोला १० रुपये देतो आहोत, म्हणजे तिचे १०,००० रुपये झाले, आणि हे फक्त वेचणीचे. निंदणाचे, डवरणीच्या मागे फिरल्याचे, खत टाकल्याचे वेगळे. मला वाटले होते की ती क्षणभर तरी गप्प होईल. तिने सोल्यांचे गंज माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "मंग हे सोले बी मोज."

यावर मला हसू आले. तिलाही आले. मग आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा सोलल्या, आणि मावशीने सुचवलेल्या त्या स्थळाचा विषय निघणार असे दिसताच मी आत येऊन ही वही उघडली.

२९ डिसेंबर

आज पुन्हा गेले. काल रात्री मी मनाशी ठरवून टाकले होते की आज आईचे गाठोडे काट्यावर चढवायचे, काही झाले तरी चढवायचे, आणि आबाजींना ते लिहायलाही लावायचे. दिवसभर त्याच जोमात वेचले. बोटांना चिंधी होती, पत्ती येऊ दिली नाही, कवडी ओटीच्या कोपऱ्यात वेगळी बांधली. काकूंनी दुपारी ओटी उघडून पाहिली आणि तशीच बंद केली. याला मी शाबासकी समजते आहे.

संध्याकाळी बाया ओळीत लागल्या तेव्हा मी आईला शोधले. ती ओळीत नव्हती. ती कधीच ओळीत नसते, हे मला इतक्या वर्षांत दिसलेच नव्हते. काट्यावर माणसे जमण्याआधीच तिने आपले गाठोडे ढिगावर सोडले होते, तिथेच उभी राहून ती बायांनी आणलेला कापूस पायाने आत लोटत होती, आणि घरी जाऊन चूल पेटवायची म्हणून अर्धे लक्ष रस्त्याकडे होते. ढिगात कापूस एकदा पडला की तो कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी तिथे हात घालून काय वेगळे काढणार होते? तिला म्हटले की उद्या थांब, मोजल्याशिवाय टाकू नकोस. ती हो म्हणाली. तिचे हो मला ओळखू येते.

बाया गेल्या. आबाजींनी वही मिटली. बाबा बैलांकडे वळले आहेत असे पाहून मी माझे गाठोडे हळूच आकड्याला लावले. सात किलो आणि वर थोडेसे, दोनशे ग्रॅम असावेत. ३१ च्या खाली ७ लिहिलेले कसे दिसले असते, ते तेव्हा डोळ्यांपुढे आले, आणि कालच्या तीन अर्थांपैकी दुसऱ्या अर्थाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. घाईघाईने गाठ सोडली आणि कापूस ढिगावर उलटा केला.

"किती भरला?" बाबांनी पाठमोरेच विचारले.

"सात."

"बरा हाये. काल साडेपाचाच्या वर नव्हता."

मी काही वेळ तशीच उभी राहिले. मग सात नाही, सात किलो दोनशे ग्रॅम, असे त्यांना दुरुस्त करून सांगितले.