आयोडीन, चारा आणि पिलाचा गळा

आयोडीनची कमतरता म्हटली की फुगलेला गळा डोळ्यांसमोर येतो; जनावरांमध्ये मात्र तो गळा बहुधा आईचा नसून तिच्या पिलाचा असतो. गाभण मेंढी वरवर धडधाकट दिसते, चाराही नीट खाते, आणि तरी तिचे कोकरू मेलेले जन्मते किंवा इतके अशक्त असते की त्याला उठून आचळ धरता येत नाही. लोकर विरळ असते, आणि गळ्यात श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागतात. अशा मेलेल्या कोकराच्या थायरॉइडचे, म्हणजे गळ्यातल्या या ग्रंथीचे, वजन जन्मवजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅमहून अधिक भरले, तर पशुवैद्यांचा पहिला संशय आयोडीनवर जातो.

थायरॉइड तयार करते त्या थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि वजनाने पाहिले तर जवळजवळ दोन तृतीयांश भाग आयोडीनचाच भरतो. ते मिळेनासे झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका थायरॉइडला सतत चेतवत राहते. ग्रंथी फुगते, पण संप्रेरक काही पुरेसे तयार होत नाही. या संप्रेरकाशिवाय वाढ खुंटते एवढेच म्हणणे अपुरे आहे, कारण थायरॉइड काढून टाकलेला बेडूकमासा आकाराने वाढतच जातो, फक्त त्याचा बेडूक होत नाही. उलट १९१२ मध्ये शास्त्रज्ञ गुडरनाच यांनी बेडूकमाशांना थायरॉइड खाऊ घातली, तेव्हा त्यांचे अकाली, अगदी चिमुकले बेडूक झाले.

माझ्या मते खुराकातले आयोडीन मोजून थांबणे हीच खरी गफलत आहे. कोबीवर्गीय चाऱ्यातून तयार होणारे थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीत शिरू देत नाही. तिथे आयोडीन वाढवून बऱ्याच अंशी निभावते. मोहरीवर्गीय पेंडीतून निघणारे गॉइट्रिन मात्र ग्रंथीच्या आतच संप्रेरकाची जुळणी अडवते, त्यामुळे वरून कितीही आयोडीन दिले तरी पुरते भागत नाही आणि ती पेंड कमी करावी लागते. सेलेनियम हे खनिज कमी पडले तर तयार थायरॉक्सिनचे अधिक प्रभावी रूपात रूपांतरही नीट होत नाही.

म्हणून सरसकट जास्त आयोडीन द्यावे, असेही नाही. गाभण घोडीला समुद्री शेवाळाचा पूरक आहार अति झाला, तरी तिचे शिंगरू गलगंड घेऊनच जन्मू शकते. तेव्हा गळ्याची गाठ पाहून मात्रा वाढवण्याआधी आईच्या दावणीत काय काय पडते ते पाहावे.