कोर्दोबा: रांबामच्या गावात दोन दिवस, आणि जाताना सोबत काय न्यायचं

अलिबागला आमच्या शेजारी एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब राहायचं. त्यांच्या आजी शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत, सगळं शुक्रवारीच करून ठेवायच्या, आणि मलिदा झाला की गोड पोह्यांचा वाटा आमच्याकडे यायचाच. मायमोनिडीस, बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित आणि वैद्य, हे नाव मी त्यांच्याच घरी पहिल्यांदा ऐकलं, फक्त ते लोक रांबाम म्हणायचे, रब्बी मोशे बेन मायमोन याची आद्याक्षरं घेऊन केलेलं नाव. म्हणून यंदा ऑक्टोबरात स्पेनला जायचं ठरलं तेव्हा बाकी काही राहिलं तरी चालेल पण कोर्दोबाला दोन रात्री काढायच्याच, असं आधीच सांगून टाकलं होतं.

आधी जाण्याचं सांगते. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून फास्ट ट्रेनने साधारण पावणेदोन तास, सेव्हियाहून आलात तर पाऊण तास. तिकीट लवकर काढा, उशीर केला की रेट चढतात. स्टेशनवरून जुनं गाव चालत वीस-पंचवीस मिनिटं आहे पण सामान असेल तर सरळ टॅक्सी करा, आतल्या गल्ल्या बारीक गोट्यांच्या आहेत, माझ्या बॅगेचं एक चाक तिथंच निखळलं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका, पारा चाळीसच्या वर जातो.

ज्यूंचा जुना मोहल्ला, म्हणजे हुदेरिया, मोठ्या मशिदीला लागूनच आहे. अल्मोदोवार दरवाज्यातून आत शिरलात की काय्ये हुदिओस ही गल्ली लागते आणि तिच्यावरच एक छोटासा चौक आहे, तिथं रांबाम बसलेत. ब्राँझचा पुतळा, डोक्याला पागोटं, हातात पुस्तक, पायात टोकदार सपाता. लोक पायाला हात लावून जातात, त्यामुळे बाकी पुतळा काळपट हिरवा आणि सपातांची टोकं मात्र देवळातल्या पितळी घंटेसारखी लख्ख. चौकाचं नाव तिबेरियादेस, म्हणजे इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराच्या काठचं तिबेरिया, जिथं त्यांची कबर आहे. जन्मगावातल्या चौकाला दफनाच्या गावाचं नाव, हे कळल्यावर मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

कारण इथं ते राहिले किती, तर जेमतेम दहा वर्षं! जन्म ११३८ चा (जुन्या पुस्तकांत ११३५ सापडेल, अभ्यासक हल्ली ११३८ धरतात), वडील मायमोन इथल्या ज्यू समाजाचे न्यायाधीश, आणि ११४८ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद या कट्टर मुस्लिम राजवटीने गाव घेतलं, धर्म बदला नाहीतर निघा असं सुरू झालं. मग घर सुटलं ते कायमचं. आधी स्पेनमध्येच भटकंती, मग मोरोक्कोतलं फेझ, मग ११६५ मध्ये अक्को (आता इस्रायलमध्ये), आणि शेवटी इजिप्तमधलं फुस्तात, जुनं कैरो. तिथंच १२०४ मध्ये गेले. पण सही आयुष्यभर काय करायचे, तर मोशे बेन मायमोन हा-सेफारादी. सेफारादी म्हणजे स्पेनचा.

चौकापासून चार पावलांवर सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवून प्लॅन करा. आत फार तर सात मीटर बाय साडेसहा मीटरची खोली आहे, पण भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात इतकं बारीक कोरीवकाम, मधे हिब्रू ओळी, वर बायकांची गॅलरी. एक सांगून ठेवते, लोक सर्रास म्हणतात की रांबाम इथं प्रार्थना करायचे, ते बरोबर नाही, ही वास्तू १३१५ ची आहे, ते जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावरची. पूर्वेच्या भिंतीवर बांधणाऱ्याचा लेख आहे, त्यात या जागेला तात्पुरती वास्तू म्हटलंय आणि जेरुसलेम पुन्हा लवकर उभं राहो असं मागितलंय. १४९२ ला ज्यूंना स्पेनमधून काढलं, मग इथं आधी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या रुग्णांचं हॉस्पिटल झालं, नंतर चांभारांच्या संघाचं प्रार्थनास्थळ. गिलाव्याखालची अक्षरं १८८४ मध्ये पुन्हा दिसली. टूर ग्रुप पाच मिनिटांत आत-बाहेर करतात, दोन ग्रुपच्या मधे जी शांतता मिळते ती पकडा.

रांबामनी लहानपणी खरंच जे पाहिलं असेल ते बघायचं तर मोठी मशीद आणि नदीवरचा रोमन पूल. मशिदीत सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट सोडतात, जायच्या आधी वेबसाइटवर एकदा बघून घ्या.

आता खरा सल्ला. त्यांची ज्यू धर्मनियमांची चौदा भागांची मिश्ने तोरा किंवा अरबीत लिहिलेला गोंधळलेल्यांसाठीचा मार्गदर्शक, हे एका ट्रिपपुरतं झेपणारं नाही, पण त्यांच्या पत्रांचं इंग्रजी भाषांतर मिळतं, त्यातली तीन पत्रं प्रिंट काढून न्या. एक ११९९ चं, भाषांतरकार इब्न तिब्बोनला लिहिलेलं. त्यात रोजचा दिवस सांगितलाय: सकाळी सुलतानाच्या दरबारी कैरोला, दुपारनंतर उपाशी घरी, तर ओसरी रुग्णांनी भरलेली, मग जनावरावरून उतरायचं, हात धुवायचे, आणि लोकांची माफी मागून चार घास खायचे, चोवीस तासांतलं तेवढंच जेवण. शेवटी इतका थकवा की आडवं पडून रुग्ण तपासायचे. एवढ्यात ही पुस्तकं कधी लिहिली असतील!

दुसरं फ्रान्समधल्या ल्युनेलच्या विद्वानांना. त्यात आपल्याकडच्या ज्यूंचा उल्लेख आहे, हिंदुस्थानातल्यांना लिखित तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) ठाऊक नाही, शब्बाथ म्हणजे शनिवारची सुट्टी पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात एवढंच. हे कोकणातले बेने इस्रायल असावेत असं काही अभ्यासक मानतात. आपले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली! ते वाचताना मला शेजारच्या आजींची थंड चूल डोळ्यांसमोर आली.

तिसरं त्यांच्या धाकट्या भावाबद्दलचं. दाविद व्यापारी, घर त्याच्यावर चालायचं. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून त्याने स्वतः लिहिलेलं पत्र केंब्रिजला जपून ठेवलंय, वाळवंट पार करून आलोय, इथं घेण्यासारखा माल नाही म्हणून हिंदुस्थानकडे निघतोय, काळजी करू नका. तो हिंदी महासागरात बुडाला. नंतर रांबाम एका मित्राला लिहितात की वर्षभर तापाने अंथरुणात होतो, तो माझ्या मांडीवर वाढला, भाऊ होता आणि शिष्यही होता, अजून त्याचं अक्षर दिसलं की काळीज हलतं.

हे मी संध्याकाळी पुलावर बसून वाचलं. दाविद आपल्याच किनाऱ्याकडे यायला निघाला होता आणि आम्ही त्या समुद्रात पाय बुडवून मोठे झालो.

खाण्याचं राहिलं. शाकाहारी असाल तर साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सूप मागताना सिन हामोन म्हणा, नाहीतर वरून हॅम येतं. आणि बेरेनखेनास कॉन मिएल नक्की खा, वांग्याचे काप तळून वर काकवीसारखा दाट गोड पाक, सिनेगॉगच्या आसपासच्या गल्ल्यांत बऱ्याच ठिकाणी मिळतात.