ट्रंकेमागची ओल

१९ जुलै, रात्र

आज भुरीने, आमच्या कुत्रीच्या पिल्लाने, माझ्यासमोर शू केली. माझ्याकडे बघत, चार हात अंतरावर, न घाबरता. हे लिहायला तीन आठवडे लागले आणि त्यात दोष तिचा नव्हता, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

मंडईच्या मागे, भिजलेल्या पोत्याखाली ती सापडली. डॉक्टरांनी दात बघून दोन महिन्यांची असेल म्हणून सांगितलं. वजन अडीच किलो, पोट जंतांनी टम्म. जंताचं औषध झालं, पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांवरची पहिली लस झाली आणि सक्त ताकीद मिळाली, सगळे डोस पुरे होऊन ती चार महिन्यांची होईपर्यंत गल्लीत सोडायचं नाही. म्हणजे जी माती तिला जन्मापासून ठाऊक होती तीच बंद, आणि पायाखाली गुळगुळीत फरशी. तेव्हा हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या आठवड्यात तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर केलं, सोफ्यापाशी केलं, आईच्या पाटाखाली केलं. मी ओरडले. दोनदा तर मानगूट धरून तिला ओलीपाशी नेलं आणि नाक टेकवलं. आमच्याकडे सगळे हेच सांगतात, ‘नाक घासा, दोन दिवसांत शिकतंय.’ आणि खरंच, तिसऱ्या दिवसापासून फरशी कोरडी. मला वाटलं, शिकली पोर.

मग मधल्या खोलीत वास यायला लागला. ट्रंक सरकवली तर मागे आजीची वाकळ पडलेली, एक कोपरा पिवळा, चिंब. पोर शिकली होती खरी. पण काय शिकली होती? ही बाई समोर असताना शू करायची नाही, एवढंच. गच्चीवर मी तिच्याशेजारी वीस-वीस मिनिटं उभी राहायचे, ती पाय आखडून बसायची. खाली आलो की पाचव्या मिनिटाला ट्रंकेमागे.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन बसते ना, त्याला तुम्ही अपराधीपणा समजताय. ती भीती आहे. दहा मिनिटांपूर्वीच्या ओलीचा आणि तुमच्या ओरडण्याचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला फक्त तुमचा चेहरा दिसतो.” घरी येताना रिक्षात ती माझ्या ओढणीत झोपली होती. मी तिचं नाक सारखं कुरवाळत होते.

त्या संध्याकाळपासून पहिल्यापासून सुरुवात केली. फिनेल बंद. त्या वासाखालीही कुत्र्याला जुना वास लागतोच, शिवाय ती फरशी चाटते आणि फिनेल पोटात जाणं वाईट. एन्झाइमचं, म्हणजे शूचा वास मुळापासून मोडणारं क्लीनर आणलं, डागावर ओतून तसंच मुरू दिलं, मग पुसलं. गच्चीवर पत्र्याखाली पसरट ट्रे ठेवला, त्यात नर्सरीतली माती आणि वर लॉनचा तुकडा. गल्लीतली माती घेतली नाही, कारण पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

एवढ्या वयाचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांवर धरू शकत नाही. उठली की गच्ची, खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत गच्ची, खेळून दमली की गच्ची. दिवसाला दहा-बारा जिने होत होते. मी मुद्दाम पाठ करून लांब उभी राहायचे. पाण्याचा बारीक आवाज आला की हलकेच “शाब्बास” म्हणून उकडलेल्या कलेजीचा तुकडा तिथल्या तिथे द्यायचा. खाली आल्यावर दिला तर तिला वाटणार, जिना उतरल्याचं बक्षीस आहे. रोज एक पाऊल जवळ सरकायचं. घरात चुकलं तर न बोलता पुसायचं, बस.

आईने या सगळ्यात पडायचं नाही असं ठरवलं होतं. वाकळ मात्र तिनेच दगडावर धुतली, तीनदा. पाऊस उघडेना, म्हणून चार दिवस ती पंख्याखाली वाळत होती. आणि एका दुपारी ताक घुसळता घुसळता आई म्हणाली, “ती बघ, दाराकडं बघून मग खाली हुंगायला लागली. आता ने तिला.” मी इतके दिवस फक्त गोल फिरण्याची वाट बघत होते. त्याच्या आधी ती दाराकडे एकदा बघते, हे आईने टिपलं. त्या दिवसानंतर घरात एकदाच चुकलं, तेही पाहुणे आल्यावर आनंदाच्या भरात दोन थेंब. त्याला मी चूक धरत नाही.

आणि आज. संध्याकाळी साडेसहा, पाऊस असा की पत्र्यावर दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी पाठ फिरवायला विसरले. ती ट्रेमध्ये चढली, दोनदा फिरली, पुढचे पंजे मातीत रोवले, मागे बसली आणि माझ्याकडे बघितलं. कान पडले नाहीत. शेपटाचं टोक तेवढं हलत होतं. मी श्वास रोखून उभी. मग “शाब्बास गं माझी बाय” म्हणताना माझाच आवाज फुटला आणि कलेजीची डबी हातातून निसटली. सगळे तुकडे तिने खाल्ले, आज मी अडवलं नाही.

आता ती माझ्या पायाशी वाकळेवर झोपली आहे. आईनेच अंथरून दिली. पाचचा गजर लावलाय.