आमची वाटचाल : वॉर्डातल्या बेलपासून घरातल्या बटणापर्यंत

आमचा मूळ धंदा इंटरकॉम आणि नर्स कॉलचा. सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून माणसं इथं उपचाराला येतात. जिथं खाटा आल्या तिथं खाटेजवळ बेल आली. त्या बेली बसवायच्या, उंदरानं कुरतडलेली वायर बदलायची, दारावरचे दिवे दुरुस्त करायचे, यावर आमचं घर चाललं.

नर्स कॉलमध्ये एक साधी पण फार शहाणी रचना असते. पेशंटनं बटण दाबलं की खोलीच्या दारावर दिवा लागतो आणि सिस्टरांच्या टेबलावर आवाज होतो. पण कॉल रद्द करायचं बटण त्या टेबलावर नसतं. ते पेशंटच्या उशाशी, भिंतीवर असतं. बेल बंद करायची तर उठून खाटेपर्यंत यावंच लागतं. कुणी कितीही दमलेलं असो, कितीही कामात असो, बसल्या जागी तो आवाज मिटवता येत नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याला आजारी माणसाची काळजी होती, असं मला प्रत्येक जोडणी करताना वाटायचं. आज आम्ही एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरात मदत बोलावायची बटणं बसवतो, ते काम याच एका कल्पनेवर उभं आहे.

घरांकडे वळलो ते एका निवृत्त शिक्षिकेमुळे. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांच्या खोलीतली बेल दुरुस्त करायला मी गेलो होतो. बाईंनी सगळं काम नीट बघितलं आणि विचारलं, "हे माझ्या घरी बसवून द्याल का?" मी म्हटलं, "बाई, घरी बेल ऐकणार कोण?" त्या म्हणाल्या, "तेच तर तुम्ही शोधायचं. मुलगा बंगळुरूला चला म्हणतोय. तिथं बाराव्या मजल्यावर मी काय करू? इथं माझी बाग आहे, भाजीवाली दारात येते, संध्याकाळी गणपतीला जाऊन येते. पडले तर कुणाला तरी कळलं पाहिजे, एवढंच बघा."

एवढंच म्हणाल्या खऱ्या, पण त्यात सगळं आलं. वय झालेल्या माणसाला मदतनीस चोवीस तास समोर बसलेला नको असतो. स्वतःचा चहा स्वतः करायचा असतो, पेपर आधी आपण वाचायचा असतो. भीती एकच, की बाथरूममध्ये घसरलो तर सकाळी कामवाली येईपर्यंत तिथंच पडून राहू. ती भीती गेली की माणूस आपल्या घरात सुखानं राहतो. ती भीती मुलांच्या मनातून गेली, तर "तुम्ही आता तिथं एकटे राहू नका" हा रोजचा फोनही थांबतो.

घरातून बटण दाबून मदत बोलावणारी ही यंत्रं जगात नवी नाहीत. जर्मनीत विल्हेल्म होर्मान यांनी १९७० च्या दशकात टेलिफोनला जोडलेली घरगुती मदत-घंटा तयार केली. त्याच दशकात अमेरिकेत अँड्र्यू डिबनर या मानसशास्त्रज्ञानं लाइफलाइन नावाची कंपनी काढली. तिकडं हा व्यवसाय आता जुना झाला आहे. आपल्याकडं ही यंत्रं आली ती बहुतेक परदेशातल्या मुलांच्या सामानाच्या बॅगांतून. अशी बरीच यंत्रं मी हाताळली. वस्तू उत्तम, पण इथं निरुपयोगी. त्यातलं सिम तिकडचं, उत्तर देणारं केंद्र तिकडचं, बोलणार इंग्रजी. शिवाय अंगावरचं बटण आणि फोन लावणारा घरातला डबा ज्या रेडिओ लहरींवर एकमेकांशी बोलतात, त्याही वेगळ्या. युरोपात अशा यंत्रांसाठी ८६९ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा राखून ठेवलेला आहे. आपल्याकडं विनापरवाना वापरता येतो तो मुख्यतः ८६५ ते ८६८ चा. म्हणून आम्ही इथल्या पट्ट्यावर चालणारे भाग घेऊन जुळणी करायला लागलो.

आमची जुळणी साधी आहे. गळ्यात किंवा मनगटावर बटण. घरात सिमकार्डाचा डबा, त्याला मोठ्या आवाजाचा स्पीकर आणि माइक, आत बॅटरी. बटण दाबलं की डबा ठरलेल्या क्रमानं फोन लावतो आणि पडलेल्या माणसाला लांबूनही बोलता येतं. डबा वायफायवर ठेवायचा नाही हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं, कारण लाइट गेली की राउटर जातो आणि आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. जुन्या वाड्यांत वेगळीच अडचण येते. हातभर रुंदीची माती-दगडाची भिंत, त्यापलीकडं चौक आणि चौकाच्या पलीकडं मोरी. तिथं रेडिओचा संदेश पोचत नाही. मग मधल्या सोप्यात एक पुढं ढकलणारा डबा लावावा लागतो. काम संपलं असं आम्ही केव्हा मानतो, तर न्हाणीघराच्या दूरच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून बटण दाबलं आणि फोन लागला की. उभ्यानं दाबून बघणं पुरत नाही. पडलेला माणूस जमिनीवर असतो.

पडल्यावर किती वेळात मदत पोचते, यावर फार काही अवलंबून असतं. हाड मोडलं नसलं तरी फरशीवर तासन् तास पडून राहणं हाच स्वतंत्र आजार ठरतो. अंगाखाली दबलेले स्नायू झिजून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. कातडीला दाबाच्या जखमा होतात, अंगातलं पाणी कमी होतं, ओल्या फरशीवर शरीर गार पडतं. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या माणसांचा एक अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बराच वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांकडे मदतीचं बटण होतं, तरी ते वापरलं गेलं नव्हतं, असं त्यात दिसलं. ते वाचल्यापासून मी बटण विकण्यापेक्षा ते अंगावर राहील याच्या मागे लागलो.

अंगावर न राहण्याची कारणं आपल्या घरांत अगदी ठरलेली आहेत. आंघोळीला जाताना घड्याळ काढतात तसं बटणही काढून खुंटीला लावतात. म्हणून ते पाण्यातलंच हवं, आणि ते पाण्यात चालतं याची खात्री त्या माणसाला पटायला हवी. आम्ही सगळ्यांसमोर ते पाण्यानं भरलेल्या तांब्यात टाकतो आणि तिथूनच दाबून दाखवतो. काही काकूंना गळ्यातली काळी दोरी आवडत नाही, त्यांच्यासाठी आम्ही ते तुळशीच्या माळेत ओवून दिलं. काही काका जानव्याला किल्लीशेजारी बांधतात. मला हे सगळं चालतं. काहीजण म्हणतात, "मी काय आजारी आहे का, हे गळ्यात अडकवून फिरायला?" त्यांच्याशी मी वाद घालत नाही. हे यंत्र आजाऱ्यासाठी नाही, एकट्यानं राहायची हिंमत असलेल्या माणसासाठी आहे, आणि हे मी मनापासून सांगतो.

पडल्याचं आपोआप ओळखणारी यंत्रंही आम्ही देतो. आतला सेन्सर अचानक आलेला वेग, मग बसलेला दणका आणि त्यानंतरची निश्चलता मोजतो. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात ही सोय आली, तेव्हापासून परदेशातली मुलं ती घड्याळं पाठवू लागली. घड्याळ चांगलं आहे, पण ते जवळजवळ रोज चार्ज करावं लागतं आणि सत्तरीपुढच्या पुष्कळांना ते जमत नाही. शिवाय आपलं बसणं-उठणं वेगळं. पूजेला खाली बसताना धपकन टेकलं तर यंत्राला ते पडणं वाटू शकतं. उलट, चक्कर आल्यावर भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलेला माणूस त्याला कळतही नाही, कारण दणकाच बसलेला नसतो. म्हणून आपोआप ओळखणाऱ्या यंत्रावर विसंबून बटण काढून टाकू नका, असं मी प्रत्येक घरी सांगतो.

आता मुख्य गोष्ट. फोन लागला, पुढं काय?

मुलगा न्यू जर्सीत आहे. इथं दुपारी तीन वाजता आई पडली तर तिकडं पहाट असते आणि त्याचा फोन सायलेंटवर असतो. तो उठला तरी तिथून करणार काय? म्हणून आमच्या यादीत पहिलं नाव मुलाचं नसतं. पहिली शेजारच्या वहिनी, दुसरं समोरच्या बंगल्यातलं कुटुंब, तिसरा कोपऱ्यावरचा औषध दुकानदार किंवा इस्त्रीवाला, जो दिवसभर तिथं असतो. मुलं-मुली त्यानंतर. पुष्कळ मुलांना हे लागतं. "माझं नाव चौथं का?" असं एकानं रागानं विचारलं होतं. त्याला सांगितलं, की तुमची आई तुमचीच आहे, पण पाच मिनिटांत दारात कोण पोचेल त्याचा हा क्रम आहे.

आणि दारात पोचून उपयोग काय, जर दार आतून बंद असेल? एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घराला सुरक्षेसाठी दोन-दोन दारं, वर-खाली बोल्ट, आडवी साखळी. सगळं चोरासाठी केलेलं, आणि मदतीला आलेला माणूस बाहेर उभा. आम्ही डबा बसवण्याआधी दार बघतो. आतून बोल्टाऐवजी बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच, त्याची किल्ली दोन शेजाऱ्यांकडे, बाथरूमची कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी किंवा कडीच नको. सुताराचं हे काम आम्ही आमच्याच बिलात धरतो, नाहीतर ते राहून जातं.

आता नर्स कॉलची ती जुनी रचना. आमच्या डब्यावरचा कॉल फोनवरून मिटवता येत नाही. वहिनींनी फोन उचलून "येते हं" म्हटलं की डबा थांबतो, पण ठरावीक वेळात घरातलं कॉल रद्द करायचं बटण कुणी येऊन दाबलं नाही, तर तो यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावतो. वहिनी वाटेत अडकल्या, गॅसवर दूध होतं, काहीही असो. माणूस त्या खोलीत पोचेपर्यंत कॉल जिवंत राहतो. आमच्याकडं रात्रीचे फोन माझी बायको घेते. तिनं वीस वर्षं दवाखान्यात काम केलंय. पलीकडून घाबरलेल्या आवाजात "पडलो" असं ऐकू आलं की ती आधी त्या माणसाला नावानं हाक मारते आणि कोण येतंय ते सांगते. यंत्रातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, असं मला वाटतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. नदीकाठची माणसं हलवली गेली, पण उंच भागातही वीज नव्हती आणि मोबाइलचं नेटवर्क टप्प्याटप्प्यानं जात राहिलं. आमचे डबे बॅटरीवर चालू असूनही त्यांना पलीकडं कुणी मिळत नव्हतं. त्या दिवसांत टिकली ती शेजाऱ्यांची यादी. ज्यांना किल्ल्या दिल्या होत्या ते स्वतः जाऊन डोकावून येत होते. तेव्हापासून प्रत्येक घरात आम्ही छापील कार्ड लावतो. त्यावर ती नावं, रक्तगट, चालू औषधं, आणि १०८, ११२ व ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. डब्यात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घालायला लागलो तेही त्यानंतरच. मग टाळेबंदी आली आणि आमचं काम एकदम वाढलं, कारण मुलांना यायचा रस्ताच उरला नव्हता.

घरात कॅमेरा बसवून द्या, असं मुलं वारंवार म्हणतात. दारावर बसवतो. झोपायच्या खोलीत बसवत नाही. आपल्या घरात कुणीतरी सतत बघतंय या जाणिवेनं माणूस आखडतो, आणि ज्या मोकळेपणासाठी तो एकटा राहतो तोच जातो. मुलांच्या मनाच्या शांततेसाठी आई-वडिलांची लाज गहाण टाकायला मी तयार नाही. या एका कारणावरून काही कामं गेली, जाऊ देत.

गेली काही वर्षं आम्ही यादीतल्या शेजाऱ्यांना एक तास बसवून शिकवतो. पडलेल्याला काखेत हात घालून लगेच उठवायचं नाही. आधी बोलायचं. मांडी किंवा जांघ दुखते का विचारायचं. एक पाय आखूड वाटत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी, तेव्हा हलवायचं नाही, पांघरूण घालून १०८ ची वाट बघायची. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायचंच. या तासाला ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी स्वतःहून येतात आणि सगळ्यात बारकाईचे प्रश्न तीच विचारतात.

सध्या तासगाव भागातल्या मळ्यांत काम चालू आहे. तिथं घरं एकमेकांपासून लांब, मधे द्राक्षबागा, पोरं पुण्याला आणि म्हातारा-म्हातारी मळ्यात. मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून ८६५ च्या पट्ट्यावरचं लांब पल्ल्याचं रेडिओ वापरून एका मळ्यातलं बटण शेजारच्या मळ्यातल्या हूटरला थेट जोडायचा प्रयत्न आहे, सिमशिवाय. मोकळ्या रानात संदेश चांगला जातो, पण पानं भरली की बागेच्या मांडवाखालून तो किती टिकतो हे बघायचं आहे. त्यासाठी ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पुन्हा हिरवी होईपर्यंत थांबणार आहोत.