मेजर नसलेली डिग्री: माझा अनुभव

माझं कॉलेज दोनदा अर्धवट सुटलं. आधी बायोलॉजी, मग अकाउंटिंग, आणि नंतर नऊ वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये नोकरी. ५८ क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या कोर्सचे जमा होतात ते युनिट्स) पडून होते पण कुठल्याच मेजरमध्ये, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयात, धड बसत नव्हते. मग कळलं की अमेरिकेत बॅचलर ऑफ जनरल स्टडीज नावाचा प्रकार असतो, मेजर नाही, दोनतीन विषय आपणच निवडायचे आणि १२० क्रेडिट्स भरायचे. म्हटलं हे तर आपल्यासाठीच काढलंय.

आधी जुने क्रेडिट्स ट्रान्सफर. नुसती ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) पुरली नाही, काही कोर्सचा त्या वेळचा सिलॅबस मागितला, तो जुन्या ईमेलमध्ये खोदून काढला. ५८ पैकी ४९ धरले. स्टॅटिस्टिक्स गेलं कारण ग्रेड डी होती, सी च्या खाली असलं की बहुतेक कॉलेजं घेत नाहीत (तेव्हा "पास झाले ना, बास" म्हणून सोडून दिलं होतं, ते आता असं अंगाशी आलं).

मग क्लेपच्या (CLEP, कोर्स न करता नुसती परीक्षा देऊन कॉलेजचे क्रेडिट्स मिळवायची सोय) चार परीक्षा दिल्या. घरी अभ्यास करायचा, दीड तासाचा पेपर, २० ते ८० मध्ये स्कोअर आणि साधारण ५० ला क्रेडिट मिळतं. १२ क्रेडिट्स झटपट झाले आणि मी हवेत. डिग्री ऑडिट (डिग्रीसाठी काय झालं, काय उरलं याचा तक्ता) उघडून बघते तर अपर लेव्हलच्या, म्हणजे वरच्या वर्षांच्या कोर्सच्या, रकान्यात शून्य! क्लेपचे क्रेडिट्स खालच्या लेव्हलचे धरतात, आणि आमच्याकडे ३०० च्या वरच्या नंबरचे ३९ क्रेडिट्स कंपल्सरी होते. त्यातल्या मला हव्या त्या कोर्सना प्रीरिक्विझिट (आधी करावाच लागणारा कोर्स) काय, तर स्टॅटिस्टिक्स. केलं परत, यावेळी बी आली.

पण खरी दमछाक कॉलेजला द्यायच्या एका पत्रानं केली. हेच विषय का निवडले ते दोन पानांत लिहून द्यायचं होतं. मी लिहिलं, मला आरोग्य, हिशोब आणि समाजशास्त्र आवडतं. ॲडव्हायजर बाई म्हणाल्या, आवडतं ते कळलं, पण तुला नक्की काय शोधायचंय? तीन वेळा परत पाठवलं. मला रागच आला, एवढं मोकळं ठेवलंय म्हणता तर घेऊ द्या की काय घ्यायचं ते. चौथ्यांदा मी कंटाळून ऑफिसातलंच लिहिलं, की माणूस आजारातून बरा होतो पण स्वतःचं बिल त्याला वाचता येत नाही, फोनवर रडतो, आणि ते बिल बनवणाऱ्या आम्हालाही ते अर्धंच कळतं. ते लगेच पास झालं आणि गंमत म्हणजे त्यानंतर कोर्स निवडायला वेळच लागला नाही, मेडिकल सोशिऑलॉजी, हेल्थ इकॉनॉमिक्स, कॉस्ट अकाउंटिंग, टेक्निकल रायटिंग, सगळं त्या बिलाभोवतीच.

नर्सिंग, सीपीए (अमेरिकेतला सीए) असं लायसन्सचं काम करायचं असेल तर मात्र या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करा, तिथे ठरावीक कोर्स लागतात आणि ते नंतर वेगळे भरत बसावं लागतं. मला बढतीसाठी बॅचलर्स हवी होती, ते काम झालं.

सर्टिफिकेटवर माझ्या तिन्ही विषयांचा पत्ता नाही, नुसतं जनरल स्टडीज. म्हणून रेझ्युमेवर खाली एक ओळ मीच घालते. बढतीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मेजरची यादी होती, तीनदा वरखाली केली, जनरल स्टडीज काही सापडेना. शेवटी "अदर" वर क्लिक केलं.