हलकी दुनळी निवडली आणि अंगाला बसवून घेतली

तितर-लाव्यांच्या शिकारीत बंदूक खांद्याला क्वचित लागते, हातात मात्र दिवसभर असते. माझी वर-खाली नळ्यांची बारा बोअर साडेतीन किलोची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक). क्ले टार्गेटला, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर, ती उत्तम, पण झुडपांतून चालताना दुपारपर्यंत दंड भरून यायचे. म्हणून शेजारी-शेजारी नळ्यांची हलकी दुनळी घ्यायचं ठरवलं. परवान्याचे आणि हंगामाचे नियम जागोजागी वेगळे, त्यामुळे तो भाग इथे सोडून देतो.

हलकी म्हणजे किती? जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे: बंदुकीचं वजन एका काडतुसातल्या छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. २८ ग्रॅम छर्रे झाडायचे तर बंदूक साधारण २.७ किलोची हवी. दुकानात अडीच किलोची एक बारा बोअर हातात घेतली, फार आवडली, पण तिच्यातून नेहमीची काडतुसं झाडली असती तर खांद्याने लवकरच तक्रार केली असती. वीस बोअरमध्ये साधारण २४-२५ ग्रॅम छर्रे असतात, म्हणजे तिथे अडीच किलोतही हिशेब जमतो. शेवटी वीस बोअरच घेतली, जुनी. एक खबरदारी मात्र घ्यावीच लागते. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर ते पुढे घसरून अडकतं आणि मागून बारा बोअरचं काडतूस भरून चाप ओढला की नळी फुटू शकते. वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात ती यासाठीच. तरीही मी दोन्हींच्या पिशव्या कधीच एकत्र ठेवत नाही.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फार हलक्या, आखूड नळ्या पटकन वळतात आणि तितक्याच पटकन थांबतात. पक्षी पुढे निघून जातो, छर्रे त्याच्या शेपटीमागून. मी २८ इंची नळ्या घेतल्या आणि तोल नळ्यांच्या बिजागरीपाशी येतोय ना ते बोटावर धरून पाहिलं.

जुनी बंदूक घेताना नक्षीकामाकडे शेवटी बघावं. आधी पुढचा लाकडी हातधरा काढून नळ्या हलवून पाहिल्या, खिळखिळ नव्हती. मग नळ्या सुट्या करून हुकाने बोटावर टांगल्या आणि टिचकी मारली. घंटेसारखा स्वच्छ नाद आला, म्हणजे मधल्या पट्टीचं डाखकाम शाबूत. प्रूफचे शिक्के (नळ्यांची दाबाची चाचणी झाल्याच्या खुणा) आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाची, लांबी कारागिराकडून तपासून घेतली. अनेक जुन्या बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं आणि त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस भरणं धोक्याचं. माझं ७० चं निघालं. दोन चाप असलेलीच हवी होती: पुढचा चाप उजव्या, मोकळ्या चोकच्या (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचं आवळणं) नळीचा, मागचा डाव्या, घट्ट चोकच्या नळीचा. पक्षी जवळून उठला की दूर, हे बघून ऐनवेळी नळी निवडता येते.

खरं काम यानंतर. शॉटगनला, म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीला, मागची माशी (नेम धरायची मागची खूण) नसते, नेमबाजाचा डोळाच ती माशी. गाल दस्त्यावर जिथे टेकतो तिथून डोळा नळ्यांमधल्या पट्टीच्या रेषेत आला नाही, तर नेम कितीही चांगला असो, छर्रे दुसरीकडेच जातात. आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट रोखलं आणि डावा डोळा मिटला. बोट जागेवर राहिलं, म्हणजे उजवाच डोळा प्रबळ. मग रिकामी बंदूक, दोनदा तपासून, डोळे मिटून खांद्याला लावायची आणि आरशासमोर डोळे उघडायचे. मला नळ्यांचा मागचा भागच दिसत होता, पट्टी दिसतच नव्हती. जुन्या दस्त्यांना टाचेकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, उतार बराच असतो, तसाच याला होता.

गनस्मिथने १६ यार्डांवर रंग फासलेला पत्रा उभा केला. नेम न धरता, नजर खुणेवर ठेवून, बंदूक खांद्याला लागताक्षणी बार काढायचा. असे अनेक बार काढल्यावर छर्‍यांचा मध्य खुणेखाली ३ इंच आणि डावीकडे २ इंच दिसला. या अंतराची सोय अशी की पत्र्यावरच्या १ इंचाला दस्त्यात १/१६ इंच बदल लागतो. म्हणजे गालाखालचं लाकूड ३/१६ इंच वर आणि दस्ता १/८ इंच उजवीकडे. मुठीजवळचं लाकूड गरम तेलाने तापवून, शिकंज्यात धरून त्याने दस्ता वाकवला. रेषा आडव्या गेल्या असतील तर लाकूड तडकतं, त्यामुळे रेषा नीट पाहिल्याशिवाय तो हात लावत नाही.

लांबी जाडजूड कोट घालून मोजली, कारण शिकार थंडीत. नुसत्या शर्टावर जे माप बरोबर वाटतं, ते कोटावर लांब होऊन दस्ता काखेत अडतो. पुढच्या चापापासून सव्वाचौदा इंच ठरलं.

तापवून वाकवलेलं लाकूड थोडं परत फिरतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा पत्र्यासमोर उभा राहिलो. उंची टिकली होती, डावीकडे अर्धा इंच उरला होता. तेवढ्यासाठी पुन्हा तापवू नका, हंगाम संपल्यावर बघू, असं गनस्मिथ म्हणाला.